पाच नंबरचा श्वास

"अनुभव?" समोरच्या साहेबांनी विचारलं.

"ही पहिलीच नोकरी असेल, सर."

"म्हणजे अनुभव नाही."

"नाही."

"मग अनुभव घेऊन या," ते म्हणाले. येताना साबणाची वडी घेऊन ये, असं घरच्या माणसाला सांगावं, तितक्या सहजपणे.

"कुठून घेऊ?" मी विचारलं. मी उद्धटपणा करत नव्हते. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं आणि प्रामाणिकपणे विचार केला. "एखाद्या हॉस्पिटलमधून," ते म्हणाले.

हे हॉस्पिटलच आहे, असं मी म्हणायला हवं होतं. ते मला जिना उतरून रस्त्यावर आल्यावर सुचलं. मला सगळं रस्त्यावर आल्यावरच सुचतं. तो माझा नववा इंटरव्ह्यू होता आणि नर्सिंगची परीक्षा पास होऊन अकरा महिने झाले होते. सगळीकडे घोडं तिथेच अडत होतं. अनुभव असल्याशिवाय नोकरी नाही आणि नोकरी असल्याशिवाय अनुभव नाही. पहिली नोकरी नेमकी मिळते कशी, हे ज्यांना मिळाली त्यांनाही सांगता येत नव्हतं. वर्गातली एक म्हणाली, काकांनी फोन केला. दुसरी म्हणाली, सहज गेले आणि मिळाली. मला काका नव्हते, आणि सहज जाणं मला कधीच जमलेलं नाही.

घरी आईने दार उघडता उघडताच विचारलं, "काय म्हणाले?"

"कळवतो म्हणाले."

"कळवतो म्हणजे होच असतं," आई म्हणाली. नऊ वेळा तिने हेच म्हटलं होतं. तिच्या धीराचं मला कौतुक वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकाच वेळी.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. ते कुणाला सल्ला देत नाहीत. त्यांची कसर बाकीच्यांनी भरून काढली होती. मामी म्हणाली, शिक्षिका हो, सुट्ट्या भरपूर. शेजारच्या काकू म्हणाल्या, विम्याच्या ऑफिसात आजारांची नावं वाचता येणाऱ्या मुली लागतात. काकूंच्या मुलाने सांगितलं, विमानात प्रवाशांना पाणी देतात त्यात नर्सिंग शिकलेलीला आधी घेतात, पण उंची लागते. मग सगळ्यांनी माझ्या उंचीकडे पाहिलं आणि विषय बदलला. मीही प्रत्येक गोष्ट थोडी थोडी करून बघत होते. एक आठवडा टायपिंग शिकले. बँकेच्या परीक्षेचं पुस्तक आणलं, त्यातली पहिली अठरा पानं सोडवली. डोक्याचा नुसता भुगा झाला होता. मुळात मी नर्स का झाले, हेही मला आता नीट सांगता येत नव्हतं. आधी येत होतं. इंटरव्ह्यूत इतक्या वेळा सांगितलं की ते मला पाठ केलेलं वाटायला लागलं.

त्यातल्या त्यात खरी होती ती ताईची खटपट. ताई पाच वर्षं चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. त्यांच्याकडे एक जागा होणार होती.

"फ्रेम दाखवायच्या, माप घ्यायचं, बिल करायचं," ताई म्हणाली. "दिवसभर पंखा, रविवारी सुट्टी, आणि पांढरा कोट तिथेही घालतात."

"कोटासाठी नर्स झाले का मी?"

"मग कशासाठी झालीस, बारके?"

ताईने टोमणा मारला नव्हता. तिलाही खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

दुकानाचे मालक मला येऊन भेटा म्हणाले, तेव्हा मी गेले. भला माणूस. त्यांनी अनुभवाचं काहीच विचारलं नाही. "ताईची बहीण आहात, पुरे आहे," ते म्हणाले. "फक्त शनिवारी दुपारपर्यंत हो की नाही कळवा. नाहीतर माझ्याकडे दुसरी मुलगी आहे. तिला टांगून ठेवणं बरं नाही."

आणि गुरुवारी एका हॉस्पिटलमधून फोन आला. दोन नर्स हव्यात. नवशिक्या चालतील. इंटरव्ह्यू नाही, प्रत्यक्ष काम बघू. शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता कॉलेजचा पांढरा गणवेश घालून या.

"बघ, देवाला काळजी," आई म्हणाली.

"दोन्ही शनिवारीच कसं?" मी म्हणाले.

"तू आधी जाऊन तर ये," बाबा म्हणाले. त्यांनी वर्षभरात दिलेला तो एकमेव सल्ला.

शनिवारी आम्ही सहा जणी होतो. मेट्रनबाई पन्नाशीच्या, बारीक, केस घट्ट बांधलेले. त्यांनी आम्हाला वॉर्डच्या दारात ओळीने उभं केलं आणि हातात एकेक तक्ता दिला.

"प्रत्येकीला सहा बेड. ताप, नाडी, श्वास, बीपी. सहाही पेशंटचं तक्त्यावर लिहायचं आणि खाली सही. अर्धा तास. प्रश्न?"

मला बरेच प्रश्न होते, पण कुणीच हात वर केला नाही म्हणून मीही केला नाही.

एक ते चार नंबरचे बेड मी केले. ताप, नाडी, बीपी यांत काही अडत नाही, हात आपोआप चालतात. वेळ खातो तो श्वास. आमच्या कॉलेजातल्या बाईंनी आम्हाला तो एकाच पद्धतीने शिकवला होता. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटतं, अजून नाडीच चाललीय. आपण मात्र घड्याळ धरून छातीकडे बघायचं आणि पुरं एक मिनिट मोजायचं. कुणी आपला श्वास मोजतंय हे कळलं की माणूस वेगळाच श्वास घेतो. दोन नंबरचे आजोबा इतकं बोलत होते, की त्यांचा श्वास सापडायलाच मला चार मिनिटं लागली. त्यांनी मला त्यांच्या तिन्ही जावयांची माहिती दिली. दोन वाईट होते.

पलीकडच्या रांगेत लांब वेणी घातलेली एक मुलगी होती. तिचे सहाही बेड उरकले होते. ती माझ्याकडे आली आणि तक्त्यात डोकावली.

"अगं, तू श्वास खरंच मोजतेयस का?" तिने हळूच विचारलं.

"म्हणजे?"

"अठरा लिही आणि पुढे चल. एखाद्याला वीस लिही, म्हणजे खरं वाटतं. सगळीकडे असंच करतात. बारा मिनिटं राहिलीत तुझी."

ती वाईट मुलगी नव्हती. मी मागे पडतेय हे बघून तिला माझी कीव आली होती. मी मान हलवली आणि पाच नंबरला गेले.

पाच नंबरला साठीच्या एक बाई होत्या. उशीला टेकून, डोळे मिटून पडलेल्या. नाडी जलद होती. मी मनगट तसंच धरून छातीकडे बघायला लागले. मिनिट संपलं तेव्हा अठ्ठावीस झाले होते.

मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला बारा ते वीस. पंचविसाच्या वर गेला की कुणाला तरी हाक मारायची, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही माहीत असतं. मी पुन्हा मोजला. पुन्हा अठ्ठावीस. मी तो आकडा तक्त्यावर लिहिला.

मग माझी नजर बेडच्या पायाशी अडकवलेल्या जुन्या तक्त्यावर गेली. दोन दिवसांत वेगवेगळ्या सात सह्या होत्या. श्वास: अठरा, अठरा, वीस, अठरा, अठरा, अठरा, वीस. शेवटचा सकाळी सहाचा.

सात जणी, त्याही पगारी, अनुभवी. आणि मी आठवी, अकरा महिने घरात बसलेली. त्या वीस म्हणतात आणि मी अठ्ठावीस म्हणते, तर चुकलेली कोण असेल? वेणीवालीचं बोलणं मी दोन मिनिटांपूर्वीच ऐकलं होतं, त्या सगळ्या जणींनी काय केलं असेल हे मला कळायला हवं होतं. पण त्या क्षणी ते डोक्यात शिरलंच नाही. मला वाटलं, माझंच घड्याळ बिघडलंय. मला वाटलं, मी मधे काही श्वास दोनदा मोजले असतील. पहिल्याच दिवशी येऊन ह्यांच्या सात जणींना खोटं पाडलं, तर ह्या मला ठेवतील का, असंही वाटलं. हे शेवटचं मी कुणाला सांगितलेलं नाही, पण वाटलं होतं हे खरं.

आमच्या कामात लिहिलेलं खोडरबराने पुसत नाहीत, गिरगटतही नाहीत. आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी नवा आकडा लिहून सही करायची. मी तसंच केलं. अठ्ठाविसावर रेघ मारली आणि वीस लिहिलं. अगदी नियमाप्रमाणे, सुबक.

सहा नंबर होतोय न होतोय तोच मेट्रनबाईंनी टाळी वाजवली.

त्यांच्या खोलीत एकेकीला बोलावत होत्या. वेणीवाली दोन मिनिटांत बाहेर आली, हसत. माझी पाळी शेवटची. बाईंनी माझा तक्ता टेबलावर सरळ करून ठेवला होता, आणि पाच नंबरच्या ओळीवर त्यांचं बोट होतं.

"अठ्ठावीस की वीस?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या बोटाखालच्या रेघेकडे बघितलं.

"सोपा प्रश्न आहे. तुम्ही मोजले ते किती?"

"अठ्ठावीस," मी म्हणाले. "दोनदा मोजले."

"मग खोडलंत का?"

"आधीच्या तक्त्यावर सगळ्यांनी अठरा आणि वीस लिहिलंय. मला वाटलं, माझंच चुकलं."

त्या उठल्याच. चष्मा टेबलावर तसाच ठेवून तडक वॉर्डकडे चालायला लागल्या, आणि मी त्यांच्या मागे जवळजवळ पळत गेले. पाच नंबरपाशी त्यांनी बाईंचं मनगट हातात घेतलं. घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. ते मिनिट संपता संपत नव्हतं. मोजून झाल्यावर त्यांनी खिशातलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र बाईंच्या बोटाला लावलं, त्याच्यावर एकोणनव्वद आलं. पंच्याण्णवच्या वर हवं.

"डॉक्टरांना बोलवा," त्यांनी वॉर्डमधल्या सिस्टरना सांगितलं. आवाज चढवला नाही. "आणि ऑक्सिजन लावा. आता."

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर आले, पडदा ओढला, कुणीतरी स्ट्रेचर आणायला गेलं. मी भिंतीला चिकटून उभी होते. मी मोजलेलं बरोबर होतं, म्हणून मला आनंद झाला होता. खरं सांगते, झाला होता. आणि मी रेघ मारल्यापासून आतापर्यंत पाऊण तास गेला होता, तेवढा वेळ त्या बाई तशाच पडून होत्या, म्हणून मला रडू येत होतं. यातलं आधी कुठलं वाटून घ्यायचं हेच मला कळेना.

मेट्रनबाईंनी तक्ता माझ्यापुढे धरला. "वीसवर रेघ मारा. जे मोजलंत ते पुन्हा लिहा. हा कागद फाइलमध्ये जाणार आहे."

मी लिहिलं. सही केली. सहीखाली हुद्दा लिहायचा असतो. माझं पेन तिथे थांबलं.

"उमेदवार लिहा," त्या म्हणाल्या.

खोलीत परत आल्यावर त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्या वेणीवाल्या मुलीला घेतलंय मी. आणि आणखी एकीला. तुम्हाला नाही."

मला हे अपेक्षित होतं की नव्हतं, मला खरंच सांगता येणार नाही. "तिने सगळ्यांना अठरा लिहिलंय, बाई," मी म्हणाले. चहाडी करायची नव्हती, पण तोंडातून निघून गेलं.

"सहापैकी पाचांना. एकाला वीस," त्या म्हणाल्या. "मला दिसतं. ती मोजत नाही. तिच्या उरावर उभं राहून मी तिला मोजायला लावीन, आणि आठवड्याभरात ती मोजायला लागेल. माझ्या ह्या सात जणींनाही आज लावणार आहे. तुम्ही मोजता. मोजता आणि मग दुसऱ्याचं बघून खोडता. त्याला मी काय लावू, ते मला ठाऊक नाही."

मी दाराकडे वळले.

"तुम्ही मोजलंत म्हणून त्या बाई आज अतिदक्षतेत पोचल्या," त्या म्हणाल्या. आवाज जरा उतरला होता. "तेही खरं आहे. दोन्ही खरं आहे. मला जागा दोनच आहेत. पुन्हा जाहिरात आली तर या."

"तेव्हा घ्याल?"

"ते तेव्हाचं तेव्हा बघू."

मी बाहेर आले. ह्या बाईंनी मला शिव्या दिल्या की शाबासकी, हे मी जिन्यापर्यंत ठरवत होते. वेणीवाली जिन्यात फोनवर कुणाला तरी बातमी सांगत होती. मला बघून तिने फोन बाजूला केला. "तुझं?" मी नाही म्हणून मान हलवली. "सांगितलं होतं ना तुला," ती म्हणाली, आणि तिला मनापासून वाईट वाटलेलं दिसत होतं. तिच्यावर रागावताही येईना.

तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. "सिस्टर."

मी आधी वळलेच नाही. ती हाक माझ्यासाठी असेल असं मला वाटलं नाही. दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा वळले. एक ठेंगणेसे गृहस्थ होते, सत्तरीच्या आतबाहेरचे. एका हातात औषधांची पुडी, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून बायकी चपलांचे पट्टे बाहेर आलेले.

"पाच नंबर रिकामा आहे," ते म्हणाले. "मी खाली औषध आणायला गेलो होतो. माझी मंडळी होती तिथे."

"त्यांना वरच्या मजल्यावर नेलंय, काका. अतिदक्षतेत. श्वास जोरात चालला होता म्हणून. तिथे जास्त लक्ष देतात."

"शुद्धीत आहे ना?"

"नेताना शुद्धीत होत्या. मी पाहिलं."

त्यांनी मान हलवली, पण पाय हलेनात. वर कसं जायचं हेही त्यांना माहीत नसावं. मी त्यांच्या हातातली पुडी घेतली आणि त्यांना लिफ्टकडे नेलं.

"दोन दिवस सांगतोय मी," लिफ्टमध्ये ते म्हणाले. "तिला धाप लागतेय, तिला धाप लागतेय. येणारी प्रत्येक जण तक्ता बघायची आणि म्हणायची, काका, सगळं बरोबर आहे. मग मलाच वाटायला लागलं, आपण उगाच घाबरतोय. आपल्याला काय कळतं त्यातलं."

मी मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिले.

"आज कुणाच्या लक्षात आलं हो? तुमच्या?"

हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. नाही म्हणायलाही नव्हती. "मोठ्या सिस्टरांनी बघितलं," मी म्हणाले.

अतिदक्षतेचं दार बंद होतं. त्यावर कर्मचाऱ्यांखेरीज कुणी आत जाऊ नये असं लिहिलेलं होतं. बाहेर एक लाकडी बाक होता. मी बेल वाजवली, आतून आलेल्या सिस्टरच्या हातात औषधाची पुडी दिली, हे पाच नंबरच्या बाईंचे यजमान म्हणून सांगितलं. अर्ध्या तासाने डॉक्टर भेटतील, म्हणाली. दार पुन्हा लागलं.

"तुम्ही जाऊन बघून या ना जरा," काका म्हणाले. "तुम्हाला सोडतील."

"माझी तिथली ड्युटी नाही, काका. अर्ध्या तासाने डॉक्टर भेटतील, तेव्हा त्यांना विचारा, ऑक्सिजन किती लावलाय आणि फोटो काढलाय का छातीचा. आणि धाप कधीपासून आहे ते नीट सांगा. दोन दिवस, असं सांगा. घाबरू नका सांगायला."

ते ओठ हलवत पाठ करत होते. ऑक्सिजन किती. छातीचा फोटो. दोन दिवस.

माझा फोन वाजला. ताई होती. मी दोन पावलं बाजूला झाले.

"बारके, दीड वाजलाय. मालक जेवायला निघालेत, त्या दुसऱ्या मुलीला फोन लावू का विचारतायत. काय सांगू?"

खिडकीतून खाली हॉस्पिटलचं फाटक दिसत होतं. माणसं आत येत होती, बाहेर जात होती.

"ऐकतेयस ना?"

"सोमवारपासून येते म्हणून सांग," मी म्हणाले.

"नक्की? की परत तळ्यात मळ्यात?"

"नक्की."

"आणि हॉस्पिटलचं काय झालं?"

"घरी आल्यावर सांगते."

फोन बंद करून वळले तर काका माझ्याकडेच बघत होते. त्यांनी ऐकलं होतं.

"सोमवारपासून ड्युटी लागली का?"

"हो," मी म्हणाले.

"मग आज?"

"आज मोकळी आहे."

त्यांनी बाकावरची चपलांची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा केली. "मग बसा थोडा वेळ," ते म्हणाले. "डॉक्टर येईपर्यंत."

मी बसले.